बंद पडलेल्या कंपनीची कॅराव्हॅन

आमची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं छोटं घर, ज्या कंपनीनं बनवली, ती कंपनी आता नाही. फोन लागत नाही, वेबसाइट उघडत नाही, वॉरंटी कार्डावरच्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी गोडाऊन आहे. हे कळल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आता स्पेअर पार्ट कुठनं आणायचे? विकून टाकूया भंगारात.”

मला तेवढी धास्ती वाटली नाही. माझी सगळी नोकरी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या पर्चेस खात्यात गेली. पर्चेसच्या माणसाला एक पक्कं ठाऊक असतं, की कुठलाच कारखाना सगळं स्वतः बनवत नाही. बेअरिंग एकाकडून, सील दुसऱ्याकडून, नटबोल्ट तिसऱ्याकडून आणायचे, जोडायचे आणि वर आपलं स्टिकर मारायचं. मग बंद काय पडलं? जोडणारा. पुरवणारे जागच्या जागी आहेत. फक्त कुणाकडून काय घेतलं होतं, ती यादी त्याच्याबरोबर गेली. ती पुन्हा तयार करायची, एवढंच काम. (‘एवढंच’ ऐकून हे अजून हसतात.)

गाडी दोन चाकांची, बोलेरोच्या मागं ओढायची. फायबरची बॉडी, आत दोघांपुरता बेड, छोटा ओटा, सिंक, बारा व्होल्टची बॅटरी. घेतली तीच सेकंडहँड. गगनबावड्याच्या पावसात गादी भिजली, दाराजवळची जमीन पायाखाली दबायला लागली आणि डाव्या चाकातून घरघर ऐकू यायला लागली.

चाक सोपं होतं, म्हणून तिथून सुरुवात केली. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग घडवण्यात पिढ्या गेल्यात, तिथल्या मिस्त्रींना हब (चाकाचा मधला भाग) उघडायला चहा संपायच्या आत जमतं. बेअरिंग तापून निळं पडलं होतं. रॉकेलनं धुतल्यावर कडेला नंबर दिसला, ३०२०६. मिस्त्री म्हणाले, “हे तर कुठंबी मिळतंय मॅडम.” मिळणारच, कारण हा नंबर कुठल्या एका कंपनीचा नाही. जगात कुठंही ३०२०६ मागा, तेच माप मिळतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये येतं. सहा पाचे तीस. बाहेरचा व्यास ६२. ऑइल सीलवरसुद्धा आतलं, बाहेरचं माप आणि जाडी उठवलेली होती. दोन्ही त्याच दुपारी मिळाले.

कपलरवरून, म्हणजे बोलेरोच्या मागच्या लोखंडी बॉलवर बसणाऱ्या कॅराव्हॅनच्या खटक्यावरून, मात्र त्याच मिस्त्रींशी माझं वाजलं. तो बॉल झिजला होता आणि ते दोन इंची टाकायला निघाले होते. कपलरवर ५० कोरलेलं मी बघितलं होतं. ते मिलिमीटर, आणि दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. “पॉइंट आठनं काय हुतंय?” पर्चेसमध्ये पॉइंट आठवरून आख्खा लॉट परत पाठवलेली बाई आहे मी. दोन इंची बॉल हे अमेरिकन माप, पन्नास मिलिमीटर हे युरोपियन. पन्नासच्या कपलरमध्ये दोन इंची बॉल गेला तर खटका पूर्ण बसत नाही, आणि आंबा घाटाच्या उतारावर ते मला बघायचं नव्हतं. व्हर्नियरनं मोजून पन्नासचाच आणला.

खरा घाम काढला तो गळतीनं. पाणी फायबर आणि आतल्या प्लायच्या मधून वाट काढतं, शिरतं एकीकडं आणि ठिबकतं भलतीकडं. वरून पाइपनं पाणी मारून काही कळत नाही. म्हणून उलटं केलं. खिडक्या-दारांच्या फटींना टेप मारली, सिंकचा पाइप बोळा कोंबून बंद केला आणि छतावरच्या झडपेत ब्लोअर बसवून आत हवा भरत ठेवली. मग शिडीवर चढून बाहेरून स्पंजनं साबणाचं पाणी फासत सुटले. जिथून हवा बाहेर पडते, तिथूनच पाणी आत शिरतं. गल्लीतली पोरं जमली. एक जण म्हणाला, “काकू, गाडीला आंघोळ घालताय काय?”

सगळ्यांचा संशय खिडकीवर होता. खिडकीला एक बुडबुडा नाही. मागच्या वरच्या कोपऱ्यातल्या लाल लाइटभोवती मात्र फेस उकळायला लागला आणि छताच्या ॲल्युमिनियम पट्टीवर प्रत्येक स्क्रूपाशी बारीक फुगे उठले. लाइटखालचा एक फुगत फुगत लिंबाएवढा झाला आणि फुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात स्पंज होता.

लाइट काढला तर आत वायरसाठी दोन बोटं जाईल एवढं भोक. रबरी वॉशर नाही, नुसतं सिलिकॉन थापलेलं, त्यावर आणखी सिलिकॉन. जुन्या सिलिकॉनवर नवं धड धरत नाही, रंगही धरत नाही. ते सगळं ब्लेडनं खरवडण्यात आमची दिवाळीची सुट्टी गेली. पट्टीखाली आता ब्युटाइल टेप आहे. ती कडक न होता चिकट राहते, स्क्रू आवळला की कडेनं बाहेर येते, तेवढी कापून टाकायची. स्क्रू सगळे स्टेनलेसचे.

दाराजवळचा प्लाय हातानं उचकटून आला. नवा घेताना शिक्क्यात आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक, बघून घेतला. ‘वॉटरप्रूफ आहे’ हे दुकानदाराचं तोंडी आश्वासन आणि हा शिक्का यांत बराच फरक असतो. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं रेझिननं बुजवूनच तो बसवला.

प्लाय निघाल्यावर खालचा गंजलेला बॉक्स पाइप दिसला आणि वेल्डरचे हात शिवशिवायला लागले. त्यांना पुढची आख्खी पट्टीच कापून नवी टाकायची होती. त्याच पट्टीवर चेसिस नंबर कोरलेला! कंपनी असती तर तिच्या लेटरहेडवर पत्र आणून आरटीओत उभं राहता आलं असतं. आता तो नंबर आणि आरसी एवढाच पुरावा. शिवाय आरसीतल्या नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. नंबराचा भाग नुसता घासून प्रायमर मारला, पलीकडचा सडका तुकडा तेवढा त्याच मापाच्या पाइपनं बदलला.

फायबरचा तडा बुजवणारा पोरगा हुशार निघाला. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट व्हायचा वेग वाढवणारं द्रव्य) घालून ढवळलं, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं) अगदी शेवटी. दोन्ही बाटल्या त्यानं लांब लांब ठेवलेल्या. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. घरी करून बघणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

खिडकीचं रबर ‘कंपनीचं खास’ असेल असं ह्यांचं म्हणणं होतं. बोटभर तुकडा कापून पर्समध्ये घेऊन फिरले. बस बॉडी बांधणाऱ्या एका शेडमध्ये तसंच रबर भिंतीला वेटोळं करून टांगलेलं होतं. तिथल्या मामांनी तुकडा दाबून बघितला, म्हणाले, “वहिनी, किती फूट देऊ?” खास वगैरे काही नव्हतं.

मला राग आहे तो एकाच गोष्टीचा, वायरिंगचा. कॅराव्हॅनचे दिवे बोलेरोला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगला ठरलेले रंग आहेत. पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या, लाल ब्रेकची, पांढरी अर्थिंगची, असे. आमच्या गाडीत सातही वायरी लाल! लाल वायरचं बंडल स्वस्तात मिळालं असणार, पर्चेसवाल्याची नियत मला बरोब्बर कळते. हे बोलेरोत बसून ब्रेक दाबायचे, मी मागं टेस्ट लॅम्प लावून ओरडायची, आणि सापडलेल्या वायरला रंगीत टेप गुंडाळायची. तो नकाशा लॅमिनेट करून ओट्याच्या कपाटात आतून चिकटवलाय. सगळ्या मापांची यादीही तिथंच.

यादीत एक ओळ अजून रिकामी आहे, दाराचं कुलूप. त्यावर ना नंबर, ना माप, आणि तसलंच दुसरं देणारा अजून भेटला नाही. तोपर्यंत शाहूपुरीतून आणलेला कडी-कोयंडा लावलाय. ह्यांना तो गोठ्याला शोभेल असा वाटतो. मला तो स्वस्त आणि बेस वाटतो.