दगडांना रोल, माणसांना डिजिटल

फिरायला निघताना बॅगेत रोलचा कॅमेरा टाकायचा की डिजिटल, यावर आमच्या ग्रुपवर जेवढी भांडणं होतात तेवढी हॉटेल कुठलं घ्यायचं यावर पण होत नाहीत. एक पार्टी म्हणते रोलची मजा पिक्सेलला नाही, दुसरी म्हणते कसली डोंबलाची मजा, फोटो हललाय की नाही ते कळायला पंधरा दिवस थांबायचं आणि वर पैसे मोजायचे. आणि एक जण असतोच जो म्हणतो, अरे फोन आहे की खिशात. त्याचं बरोबरच असतं, पण त्याला कोणी विचारलेलं नसतं.

माझं मत दोन्ही पार्ट्यांना पटत नाही. मला वाटतं हे कॅमेऱ्यावर नाही, समोर काय आहे त्यावर ठरवावं. समोर दगड असेल तर रोल, माणूस असेल तर डिजिटल.

दगड म्हणजे आमच्याकडची कातळशिल्पं घ्या. रत्नागिरी-राजापूर बाजूच्या सड्यांवर (म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर), उक्षी, कशेळी, बारसू अशा गावांत, जांभ्यावर कोरलेली ही भलीमोठी चित्रं आहेत, हत्ती, मासे, माणसं, आणि काही नुसत्या चौकोनी आकृत्या ज्यांचा अर्थ कोणालाच धड लागलेला नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून तिकडे जाणारे वाढलेत. पण बहुतेक लोक येतात भर दुपारी, गाडीतून उतरतात, आणि म्हणतात कुठाय हत्ती? कारण ऊन डोक्यावर असलं की त्या उथळ रेघा चक्क गायब होतात, अख्खा सडा एकसारखा तांबूस-काळा दिसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलायला लागल्यावर आडवा उजेड आला की खाचांत सावली भरते आणि मग आधी सोंड, मग पाठ, मग पाय असा हत्ती वर येतो. तो उजेड फार वेळ टिकत नाही पण त्याच्या आधी मात्र भरपूर वेळ नुसतं बसून राहायचं असतं, चित्राभोवतीच्या दगडी गडग्याला चकरा मारायच्या, इथून बसेल का फ्रेममध्ये, तिथून बसेल का (बसत नाही, २८ एमएमची रुंद लेन्स लावून हात उंच केले तरी बसत नाही, पूर्ण चित्र हवं तर ड्रोनच पाहिजे आणि तिथे आमची दोन्ही पार्ट्यांची भांडणं फुकट जातात). पण हजारो वर्षं जागचं न हललेलं काही काढायचं असेल तर घाई कसली? तिथे एका रोलचे ३६ फोटो पुष्कळ होतात.

दुसरं कारण जरा टेक्निकल आहे. सड्यावर खाली काळा कातळ आणि वर पांढरंफटक आभाळ. कलर निगेटिव्हला, म्हणजे नेहमीच्या रंगीत रोलला, उजेड जास्त झाला तर ती एखाददोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सहज पचवते, कमी पडला की मात्र सावल्यांचं पार मातेरं होतं. डिजिटलचं बरोबर उलटं, सावल्या नंतर कॉम्प्युटरवर उचलता येतात पण एकदा जळून पांढरं झालेलं आभाळ काही केल्या परत येत नाही. म्हणून रोल असला की मी कातळाचं मीटरिंग करून, म्हणजे त्याच्यावरचा उजेड मोजून, मोकळी होते, डिजिटल असलं की सारखं हिस्टोग्रामकडे, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाकडे, बघत बसते.

खर्चाचं म्हणाल तर आहेच. रोल, धुणं, स्कॅनिंग सगळं धरलं तर एक क्लिक चाळीस-पन्नास रुपयांना पडतं, आणि गावात रोल धुणारं कोणी उरलेलं नसल्यामुळे कुरियरने पाठवायचा तो वेगळाच. पूर्वी घरोघरी हीच काटकसर होती. जुने अल्बम काढून बघा, महाबळेश्वरच्या ट्रिपचे पस्तीस फोटो झाल्यावर छत्तिसावा हमखास आपल्याच दारातल्या स्कूटरचा किंवा तुळशीचा असतो, कारण रोल संपवल्याशिवाय धुवायला टाकणार कसा? आणि नशीब असेल तर सदतिसावा पण निघायचा, त्याचा आनंद बाबांना फार.

रोलचे खरे वांधे होतात ते उजेड बदलला की. रोलचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, ठरलेली असते. सड्यावर २०० आयएसओचा रोल झकास चालतो, पण तोच कॅमेरा घेऊन कुठल्याही कौलारू देवळाच्या सभामंडपात शिरा, ५० एमएमची लेन्स पूर्ण उघडली तरी शटर १/१५ सेकंदावर येतं आणि हात थरथरतो. अर्धा रोल काढून दुसरा घालता येत नाही असं नाही, पण कोण करणार. डिजिटलला आयएसओची एक चक्री फिरवली की झालं. विमानाने जाणार असाल तर अजून एक: रोल चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका, तिथली एक्स-रे मशीनं जास्त जोरदार असतात आणि रोल खराब होतो, आणि केबिन बॅगेसाठी सुद्धा नवे सीटी स्कॅनर आलेत तिथे हातानेच तपासा म्हणून विनंती करायची. ऐकतील की नाही ते समोरच्या साहेबाच्या मूडवर. मी म्हणूनच रोल घेऊन कोकण रेल्वेने जाते.

आता माणसं. मे महिन्यात एका वाडीत एक आजी अंगणात आमसुलं करत बसल्या होत्या, कोकमाची सालं आगळात (कोकमाच्या रसात) बुडवायची आणि परत उन्हात पसरायची, हात मनगटापर्यंत लालजांभळे आणि नखं पार काळी. विचारून फोटो काढला, रोलवर. लगेच, "दाखव बघू कसा आलाय." आता काय दाखवू? त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, मागे नुसतं काळं. "बिघडलाय वाटतं गो तुझा." मी म्हटलं आजी, रोलचा आहे, धुतल्यावर दिसेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की आमच्या वेळचं हे खूळ तू कशाला घेऊन फिरतेस. मग डिजिटल काढला. स्क्रीनवर फोटो बघितला आणि आजी नाराज. "हात कसले घाण दिसतायत, थांब." आत गेल्या, हात घासून धुतले, लुगडं सारखं केलं, खुर्ची मागवली, आणि ताठ बसून म्हणाल्या, "आता काढ."

फोटोग्राफर म्हणून बघाल तर फोटो गेला. ते हात हाच तर फोटो होता. पण मला वाटतं ज्याचा फोटो आहे त्याला तो आवडला नाही हे तिथल्या तिथे कळणं, आणि त्याने तो नापास करू शकणं, हे रोलच्या जमान्यात नव्हतंच. तेव्हा आपण क्लिक करायचो आणि पसार व्हायचो. "पाठवतो हां" म्हणून किती पत्ते लिहून घेतले असतील लोकांनी आणि किती फोटो खरंच पोचले असतील देव जाणे.

नातवाने नंबर दिला, व्हॉट्सॲपवर लगेच पाठवला. आजींना ते चालेना, कागद पाहिजे. म्हणून घरी आल्यावर स्टुडिओतून मोठी प्रिंट काढून पोस्टाने पाठवली, डिजिटलचीच, धुतलेल्या हातांची. रोलमधला आमसुलांचा फोटो पण मस्त आलाय, पण तो मी कुठेच टाकलेला नाही. त्यांनी तो अजून बघितलेला नाही.