दुसऱ्याचा घोडा, आपली गाडी : आमची वाटचाल

२०१० च्या पावसाळ्यानंतर आम्ही टाटाचा एक जुना ४०७ टेम्पो घेतला. आमचं गाव दोंडाईच्याजवळ. तापीकाठचं सारंगखेडा तिथून तासाभराच्या आत. घरी आजोबांपासून वरातीच्या दोन घोड्या होत्या. शहादा, शिरपूर, नंदुरबारच्या सुपाऱ्या असायच्या, त्यासाठी गाडी हवी होती. घोडे वाहण्याचा धंदा करायचा, असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण दत्तजयंतीच्या यात्रेत लोक विचारू लागले, "गाडी रिकामीच जातेय ना आप्पा? मग आमचा घोडा तेवढा सोडून या."

आप्पा, म्हणजे माझे वडील, ओळखीत पैसे मागणारे नव्हतेच. डिझेल टाका, ड्रायव्हरला जेवू घाला, एवढाच आमचा दर. दोन वर्षं असंच चाललं.

सारंगखेड्यात न विकलेले घोडे बरेच जण पुढे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत नेतात. २०१२ साली शेजारच्या गावातल्या एका काकांची घोडी आम्ही तिकडे घेऊन निघालो. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, अशी पंचकल्याणी. कन्नडच्या घाटात वळणावर समोरून ट्रक अंगावर आला आणि मी ब्रेक दाबला. घोडीच्या छातीसमोरचा आडवा बांबू आम्ही सुंभाने बांधला होता. गाठ निसटली आणि ती दोन्ही गुडघ्यांवर आली. गाडी कडेला घेऊन मागे चढलो तेव्हा ती उठून उभी होती, पण अंग थरथरत होतं. डाव्या गुडघ्याची कातडी रुपयाएवढी सोलली होती. मी मानेवरून हात फिरवला, तर घामाने हात ओला झाला.

जखम पंधरा दिवसांत भरली, व्रण मात्र राहिला. गुडघ्यावर व्रण असलेला घोडा ठेचकाळणारा, असं बाजारात धरतात. गिऱ्हाईक वाकून पाय बघतं आणि पुढे जातं. काकांचं नुकसान खरं होतं. गाडीचा विमा आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एजंटने पॉलिसी उलगडून दाखवली. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचं नुकसान आणि आमच्या गाडीचं नुकसान, एवढंच त्यात होतं. आत उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या जनावराबद्दल एक शब्दही नव्हता. गावातली चार माणसं बसली आणि चाळीस हजारांवर तोडगा निघाला. कापसाचे पैसे आले होते, त्यातून आप्पांनी ते दिले. ज्या फेरीत आम्ही एक रुपया कमावला नव्हता, तिची ही किंमत होती. काकांचं आमच्याकडे येणं-जाणं तरीही थांबलं, कारण त्यांच्या हिशेबाने रक्कम कमी होती आणि आमच्या हिशेबाने जास्त. निघण्याआधी दोघांपैकी कुणी काही बोललंच नव्हतं.

पुढचं वर्षभर आम्ही दुसऱ्याचा एकही घोडा गाडीत घेतला नाही. मी त्या काळात नियम वाचून काढले. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. घोड्यांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे. दोन घोड्यांच्या मधे किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, तळ न घसरणारा हवा, गाडी ताशी ३५ किलोमीटरच्या वर चालवायची नाही. २०१६ पासून मोटार वाहन नियमांत प्रत्येक घोड्यासाठी किमान सव्वादोन चौरस मीटरचा कायमचा खण सांगितला आहे. त्याच वर्षी, भाडं घेऊन घोडे न्यायचे म्हणून, आम्ही १७ फुटी आयशर ट्रक घेतली. तिला चार खण केले, बाजूंना गादी लावली, तळाला रबर टाकलं, छातीसमोर लोखंडी नळी आणि तिच्यावर कापडाची गुंडाळी. सुंभ कायमचा बंद.

आता दराचं. लोकांना वाटतं, भाडं म्हणजे डिझेल. आमच्याकडून पुणे साधारण ४०० किलोमीटर. साधा टेम्पो आठ-नऊ तासांत पोचतो. नियमाच्या वेगाने, दर चार तासांना थांबून पाणी दाखवत गेलं, तर आम्हाला सोळा तास लागतात. म्हणून दोन ड्रायव्हर आणि सोबत एक मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा माणूस. शिवाय गाडी रिकामी परत आणायची. किलोमीटरला ३२ रुपये धरले तर येऊन-जाऊन २५ हजार ६०० होतात, म्हणजे चार घोडे असतील तर घोड्यामागे ६ हजार ४००. परतीला घोडे मिळाले, तर परतीच्या भाड्याचा वाटा जाणाऱ्यांच्या बिलातून कमी करतो. हे न सांगता खिशात घालणं सोपं आहे, पण ते पैसे आमचे नाहीत. घोडा चढायला अडला, तर पहिल्या तासाचे पैसे घेत नाही, कारण घोडा चढवणं हे आमचं काम आहे. मालकाने तीन तास ताटकळत ठेवलं, तर मात्र घेतो.

"दुसरा चार हजारात नेतोय," असं रोज ऐकतो. मी त्यांना गाडी दाखवतो, मागे चढून बघायला सांगतो. मग जे ठरवायचं ते त्यांनी ठरवावं.

जबाबदारीचं बोलणं याहून अवघड. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात माल या शब्दात जनावरंही येतात. जादा किंमत जाहीर केलेली नसेल, तर २०११ च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. म्हणजे ६ हजार ४०० भाडं असेल तर ६४ हजार. घोडा असतो तीन लाखांचा. हे मालकाला अपघातानंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटणारच. म्हणून आम्ही सुपारी घेतानाच विचारतो, "भाऊ, किंमत किती लिहू?" पूर्ण किंमत लिहिली, तर आमच्या विम्याचा जेवढा हप्ता वाढतो, तेवढाच भाड्यात चढतो. गाडीच्या विम्याशिवाय वाहतूकदाराच्या कायदेशीर जबाबदारीची वेगळी पॉलिसी आम्ही काढली आहे. घोड्याचा स्वतःचा विमा मालकाने काढावा, असंही आग्रहाने सांगतो.

मालकाशी कराराचा कागद एका पानाचा, मराठीत. खण, तळ, दोर, चालवणं यांत चूक झाली तर डॉक्टरचा खर्च आणि नुकसान आमच्याकडे. घोड्याची आधीची दुखापत लपवली असेल तर मालकाकडे. चढवण्याआधी कडक जमिनीवर घोडा चालवून बघतो, चारही पाय हाताने चाचपतो, व्हिडिओ घेतो. उतरवल्यावर पुन्हा तेच, मालकासमोर. डॉक्टरचा दाखला आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा तपासणी अहवाल नसेल तर घोडा चढत नाही. हा रोग माणसालाही होतो आणि शेजारच्या खणांत आणखी तिघांचे घोडे उभे असतात. यावरून दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. त्याचं वाईट वाटतं, पण नियम बदलणार नाही. गाभण घोडी शेवटच्या महिन्यात नेत नाही, कुणी कितीही पैसे देवो.

एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी पुण्याला एक घोडा धडधाकट उतरवला. मालकाने सही केली, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की ताप आहे, खोकतोय. लांबच्या प्रवासात मान वर बांधून ठेवली, तर घोड्याला डोकं खाली घालून नाक-घसा मोकळा करता येत नाही. घाण फुप्फुसात उतरते आणि आजार दोन-तीन दिवसांनी दिसतो. आमची दोरी ढिली होती, असा मोतद्दाराचा शब्द. घोडा आधीच सर्दीचा होता की नव्हता, ते कुणालाच सांगता येईना. डॉक्टरचं निम्मं बिल आम्ही भरलं.

तेव्हापासून चढवताना आणि उतरवताना ताप मोजून कागदावर लिहितो, १०१ च्या वर असेल तर घोडा घेत नाही. थांब्यावर दोर सोडून प्रत्येकाला मान खाली घालू देतो. थांब्याची वेळ मोतद्दार वहीत टिपतो, आणि उतरवल्यावर त्या पानाचा फोटो मालकाला पाठवतो. पुण्याच्या त्याच मालकाची दोन शिंगरं या दत्तजयंतीनंतर न्यायची आहेत. चार खणांपैकी अजून दोन रिकामे आहेत.