आमची वाटचाल: केक किती वाजता कापणार?

ऑर्डरसाठी फोन आला की मी किंवा वहिनी, जी उचलेल ती, सगळ्यात आधी एकच विचारते, केक किती वाजता कापणार? फ्लेवर नंतर, डिझाइन नंतर, किलो तर अजून नंतर. लोकांना जरा नवल वाटतं, "अहो, संध्याकाळी कधीतरी" असं म्हणतात, मग आम्ही परत विचारतो की संध्याकाळी म्हणजे नक्की किती वाजता. आमच्या या घरगुती बेकरीला आता 7 वर्षं होतील आणि मागे वळून बघितलं तर आमचं सगळं शिकणं या एका प्रश्नाभोवती झालंय, म्हणून तिथूनच सुरू करते.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचा हात ब्रेडवर, माझा केकवर, ही वाटणी पहिल्या दिवसापासून आजपर्यंत बदललेली नाही. घरातल्या वाढदिवसांना आम्ही दोघी करायचो, मग नातेवाईक मागायला लागले, मग त्यांचे शेजारी, आणि एक दिवस अनोळखी बाईंचा फोन आला, मुलाचा पहिला वाढदिवस आहे, 7 वाजता कापायचाय, कराल का. ती आमची पहिली खरी ऑर्डर.

8 इंची दोन थरांचा व्हॅनिला केक होता, वर क्रीम आणि कडेनं पायपिंग, म्हणजे पिशवीतून पिळून काढलेली क्रीमची नक्षी. मी बटर बाहेर काढलं दुपारी पावणेतीनला. स्पंज ओव्हनमधून बाहेर आला साडेचारला, सुंदर आला होता, तासाभरात वरून हाताला गारही लागला आणि मी क्रीम लावायला घेतलं. वरून गार पण पोटात कोमट, हे तेव्हा कळतच नव्हतं. पहिला थर ठीक बसला, दुसरा ठेवला आणि बघता बघता मधलं क्रीम वितळून कडेनं बाहेर यायला लागलं आणि वरचा थर हळूहळू एका बाजूला सरकायला लागला, मी स्पॅच्युलानं धरून उभी आणि वहिनी फ्रीज रिकामा करतेय. सगळं क्रीम खरवडून काढलं, स्पंज फ्रीजमध्ये गार केला, परत लावलं. पोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. दार उघडलं तर ते बाळ वडिलांच्या खांद्यावर गाढ झोपलेलं, डोक्यावरची कागदी टोपी तिरकी होऊन कानावर आलेली, टेबलावर मेणबत्ती तशीच काढून ठेवलेली. त्याची आई एवढंच म्हणाली, "राहू द्या, झोपलाय तो." आम्ही पैसे घेतले नाहीत. परत येताना वहिनी गाडीत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक जुनी वही काढली आणि पानाच्या तळाशी लिहिलं, 7 वाजता केक कापणार. मग खालून वर लिहीत गेली. सव्वासहाला तिथे पोचायचं म्हणजे साडेपाचला निघायचं. त्याआधी 2 तास केक फ्रीजमध्ये घट्ट व्हायला हवा म्हणजे सजावट साडेतीनला संपलेली पाहिजे. सजावटीला दीड तास. त्याआधी क्रम कोट, म्हणजे सुटा चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ हात, तो लावून गार करायला 1 तास. स्पंज आतपर्यंत गार व्हायला 3 तास. भाजायला पाऊण तास, मिश्रण आणि टिनची तयारी पाऊण तास, बटर मऊ व्हायला 1 तास. पानाच्या वरच्या टोकाला आलं, सकाळी साडेसात. मी पान बघत बसले. आदल्या दिवशी आम्ही 7 तास उशिरा सुरू केलं होतं आणि वर आपलं नशीब वाईट म्हणत होतो.

तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरला एक पान, आणि लिहायचं खालून वर. आता तर स्पंज आम्ही आदल्या दिवशीच भाजतो, पूर्ण गार झाला की प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून ठेवतो, दुसऱ्या दिवशी थर कापताना तो तुटत नाही, चुरा कमी पडतो. ताजा म्हणजे त्याच दिवशी भाजलेला असं आम्हालाही वाटायचं पण एक रात्र राहिलेला स्पंज कापायला आणि खायला दोन्हीला चांगला लागतो हे मी आता छातीठोकपणे सांगते. आणि हो, त्या बाईंचा पुढच्या वर्षी परत फोन आला. आवाज ओळखून मी गप्पच झाले तर त्याच म्हणाल्या, "या वर्षी 5 वाजता कापायचाय, जमेल ना?" जमलं. आजही त्या घरचा केक आमच्याकडूनच जातो.

वेळेनंतर आमच्या डोक्यात बसलं ते तापमान. माझे केक मध्ये बसायचे, कधी वर तडकायचे, आणि मी मैद्याला दोष द्यायचे, मग बेकिंग पावडरला. शेवटी ओव्हनच्या आत ठेवायचा एक साधा थर्मामीटर आणला. बटण 180 वर आणि आत 155! शिवाय मागचा डावा कोपरा सगळ्यात तापट. म्हणजे इतके दिवस रेसिपी बरोबर होती, मीही बरोबर होते, फक्त ओव्हन खरं सांगत नव्हता. नव्यानं सुरू करणाऱ्या कुणीही विचारलं की आधी काय घेऊ, तर मी म्हणते वजनकाटा आणि ओव्हनचा थर्मामीटर, सुंदर सुंदर नोझलचे सेट नंतर. वाटीनं मोजलं तर हलक्या हातानं भरलेल्या एका कपात 120 ग्रॅम मैदा येतो आणि दाबून भरला तर 150, म्हणजे 4 कपांच्या केकमध्ये 120 ग्रॅमचा फरक, अख्खा एक कप मैदा जास्त, मग केक कोरडा होणारच.

बटरचंही तेच. बटर आणि साखर फेटताना जे बारीक हवेचे बुडबुडे आत अडकतात तेवढेच, बेकिंग पावडर नवीन बुडबुडे करत नाही, आहेत त्यांनाच मोठं करते. त्यासाठी बटर 18 ते 20 अंशाच्या आसपास हवं, बोट दाबलं की खड्डा पडावा पण बोट आत बुडू नये. वितळलेल्या बटरमध्ये हवा धरून ठेवायची ताकदच राहत नाही, आणि फ्रीजमधून काढलेलं कडक बटर तर फेटलंच जात नाही, भांड्यात नुसतं फिरत बसतं.

आता वहिनीच्या ब्रेडबद्दल लिहायलाच हवं, कारण फोटो नेहमी केकचे निघतात आणि जेवणाच्या टेबलावर आधी संपतात ते तिचे बन. ती सगळं टक्क्यांत मांडते. मैदा नेहमी 100, मग पाणी 65, मीठ 2, इन्स्टंट यीस्ट 1. अर्धा किलो मैदा असेल तर 325 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम यीस्ट. माणसं 10 असोत नाहीतर 80, आकडे फक्त गुणायचे. वेणी घातलेला गोड ब्रेड असला की साखर, बटर, अंडी वाढतात आणि तिथे यीस्ट जरा वाढवावं लागतं कारण जास्त साखर यीस्टचं पाणी ओढून घेते, ते सुस्तावतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, एका समारंभासाठी केलेल्या वेण्या 4 तास झाले तरी फुगेनात तेव्हा तिनं शोधून शोधून कारण काढलं.

आणि पीठ मळायच्या पाण्याचं तिचं गणित तर मला फार आवडतं. मळलेलं पीठ 25 अंशावर यायला हवं. 25 ची तिप्पट 75, त्यातून खोलीचं तापमान वजा, मैद्याचं वजा, उरलं ते पाण्याचं. खोली 30, मैदा 30 तर पाणी 15 अंशाचं, म्हणजे उकाड्याच्या दिवसात सरळ बर्फ घालून. मशीनवर मळलं तर घर्षणानं पीठ अजून तापतं, तेव्हा त्याहूनही गार. लोक कोमट पाणी कोमट पाणी करतात आणि मग पीठ तासाभरात उतू जातं, चव काहीच नाही, नुसता यीस्टचा वास. मळून झालं की ती लिंबाएवढा गोळा घेते, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणत जाते, पापुद्रा इतका पातळ होतो की खिडकीकडे धरला तर पलीकडचं बोट दिसतं. फाटला तर अजून 2 मिनिटं मळायचं. नाही फाटला तर ती काही बोलत नाही, नुसतं माझ्याकडे बघते, आणि मला कळतं की आजचे बन चांगले होणार.

ब्रेडची खरी सोय झाली ती फ्रीजमुळे. मळलेलं पीठ रात्रभर 4 अंशाला ठेवलं तर यीस्ट मरत नाही, फक्त अगदी सावकाश काम करतं, चवही जास्त येते. सकाळी काढायचं, आकार द्यायचे, फुगू द्यायचे, भाजायचे. आधी आम्ही पहाटे 3 ला उठायचो. आता रात्री मळून झोपतो. भाजून झालं की नाही हे रंगावर सोडत नाही, आत सुईचा थर्मामीटर घालतो, साध्या ब्रेडला 94-95 अंश आणि बटर-अंड्यांच्या ब्रेडला 88-90. आणि गरम ब्रेड कापायचा नाही. वास आला की सगळे सुरी घेऊन येतात पण आतला स्टार्च अजून बसायचा असतो, कापला की चिकट लगदा होतो, निदान दीड-दोन तास थांबा. उरलेला ब्रेड फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कडक होतो, काप करून फ्रीजरमध्ये टाका. ऑर्डरच्या डब्यात आम्ही हे चिठ्ठीवर लिहून देतो तरी लोक फ्रीजमध्येच ठेवतात आणि मग फोन करतात, असो, परत सांगतो.

केकच्या आकाराचा गोंधळ मात्र आम्ही बराच काळ घातला. 6 इंची आणि 8 इंची, फरक 2 इंचांचा वाटतो पण क्षेत्रफळ 36 ला 64, म्हणजे 8 इंची केक जवळजवळ पावणेदोनपट. एकदा 6 इंचीची रेसिपी दीडपट करून 8 इंची टिनमध्ये ओतली, केक बुटका झाला, रात्री परत भाजला. आता ओट्याशेजारी कागद चिकटवलाय, टिनची रुंदी गुणिले रुंदी, नव्याला जुन्यानं भागा, बस.

एका मोठ्या बदलाबद्दल सांगायचंय. एका आईनं विचारलं, माझ्या मुलीला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, ती इतर मुलांच्या वाढदिवसाला जाते आणि केक न खाता परत येते, तिच्या वाढदिवसाला तरी तिला खाता येईल असा केक द्याल का. मी 6 वेळा करून बघितला. दही आणि सोडा घालून करायचा तर सोडा ओला झाल्या क्षणी काम सुरू करतो, त्यामुळे इथे वेळ तासांत नाही, मिनिटांत मोजायची, ओव्हन आधी तापलेला, टिनला कागद लावलेला आणि मगच सोडा. वाचताना कळलं की बेकिंग पावडरचा जन्मसुद्धा असाच झालाय, बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं 1843 मध्ये ती बनवली कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं, आणि त्याआधी 1837 मध्ये तिला अंडी चालत नाहीत म्हणून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली. घरातल्या एका माणसाला सगळ्यांबरोबर खाता यावं म्हणून! ते वाचल्यावर मी वहिनीला म्हटलं, हे आपण नीट करायचं. अ‍ॅलर्जीच्या ऑर्डरला वेगळी भांडी, वेगळे ब्रश, वेगळी चाळणी, आणि त्या दिवशी तेच काम सकाळी पहिलं. पण आमच्या स्वयंपाकघरात सुकामेवा असतो, हवेत मैदा उडतो, म्हणून ज्यांचा त्रास तीव्र आहे त्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. ऑर्डर गेली तरी चालेल.

नाही म्हणायला शिकायला वेळ लागला. आता दिवसाला 3 केक आणि ब्रेडची 1 मोठी ऑर्डर, त्यावर घेत नाही. फोटो दाखवून "अगदी असाच" म्हटलं तर आधी विचारतो की केक कुठे ठेवणार, बाहेर उन्हात असेल तर क्रीमचा देत नाही. 3 मजली केक असेल तर प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठ्याचा बोर्ड आणि आत आधाराच्या काठ्या, मजले वेगवेगळे न्यायचे आणि तिथे जाऊन चढवायचे. गाडीत केक सीटवर नाही, खाली सपाट जागेवर, सीट मागे उतरती असते हे एका 2 मजली केकनं आम्हाला वळणावर शिकवलं.

मागच्या महिन्यात दुसरा ओव्हन आला. नवीन आहे, 180 लावलं की आत 178 दाखवतोय, मी 4 वेळा तपासलं. या शनिवारी एका आजोबांची पंच्याहत्तरी आहे, 60 माणसं, 120 बन आणि एक 10 इंची चॉकलेट केक. त्यांच्या नातीला विचारलं किती वाजता, तर म्हणाली आजोबा 8 ला झोपतात, साडेसहाला कापू. वहिनीनं पान उघडलंय, तळाशी साडेसहा लिहिलंय आणि वर वर जात शुक्रवारी रात्री 9 ला पीठ मळायचंय इथपर्यंत आलीय. बर्फाचे ट्रे भरून ठेव म्हणालीय, तेवढं करून येते.