सीमेवरची नगरपालिका आणि मत नसलेले रहिवासी

ऱ्हाइनच्या एका काठावर फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग, समोरच्या काठावर जर्मनीतलं केल. २०१७ च्या एप्रिलपासून स्ट्रासबुर्गची डी मार्गाची ट्राम पूल ओलांडून केलमध्ये येते. केलमध्ये राहणाऱ्या फ्रेंच माणसाला तिथल्या नगरपालिका निवडणुकीत मत देता येतं, कारण १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानं युरोपीय संघाच्या नागरिकांना तो हक्क दिला. त्याच इमारतीत वर्षानुवर्षं कर भरत राहणाऱ्या तुर्की किंवा भारतीय कुटुंबाला मात्र मत नाही. श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हाम्बुर्ग या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार देणारे कायदे केले होते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ३१ ऑक्टोबर १९९० ला ते रद्द केले. पुढे राज्यघटना बदलली, पण सोय झाली ती संघाच्या नागरिकांपुरतीच.

या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय करार आहे. कौन्सिल ऑफ युरोपनं (ही युरोपीय संघापेक्षा वेगळी संस्था) ५ फेब्रुवारी १९९२ ला तो स्ट्रासबुर्गमध्येच सह्यांसाठी खुला केला. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात अभिव्यक्ती, सभा आणि संघटना यांचं स्वातंत्र्य, दुसऱ्यात परदेशी रहिवाशांची सल्लागार मंडळं, आणि तिसऱ्यात सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालेल्यांना स्थानिक निवडणुकीत मत. मेख अशी की दुसरा आणि तिसरा भाग नाकारूनही देशाला करारात सामील होता येतं. इटलीनं तिसरा भाग बाजूला ठेवला. फ्रान्स आणि जर्मनी तर करारात आलेच नाहीत.

त्यामुळे हातात काय पडतं ते देशागणिक बदलतं. स्वीडननं १९७६ पासून परदेशी रहिवाशांना स्थानिक मत दिलं; तीन वर्षांच्या नोंदणीकृत वास्तव्यानंतर नाव आपोआप यादीत येतं. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं लागतात आणि ती सलग लागतात. वास्तव्य परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज उशिरा केला आणि मध्ये काही दिवसांची फट राहिली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. जुना परवाना संपायच्या आत अर्ज टाकून पोच जपून ठेवणं हे मतासाठीही महत्त्वाचं आहे. बेल्जियममध्ये पाच वर्षं झाली तरी नाव आपोआप चढत नाही. नगरपालिकेत अर्ज करावा लागतो, राज्यघटनेचा आदर करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही द्यावी लागते, आणि ऑक्टोबरच्या मतदानासाठी ही मुदत जुलैअखेर संपते, म्हणजे प्रचार रंगात येण्याच्या खूप आधी. लक्झेंबर्गनं २०२२ च्या कायद्यानं पाच वर्षांची अट काढून टाकली. तिथे मतदानाच्या ५५ दिवस आधीपर्यंत नाव नोंदवता येतं. पण एकदा नोंदवलं की मतदान बंधनकारक होतं.

जिथे मतच नाही तिथे उरतं सल्लागार मंडळ. जर्मनीच्या हेसन राज्यात १,००० पेक्षा जास्त परदेशी रहिवासी असलेल्या नगरपालिकेला असं निवडून आलेलं मंडळ नेमावं लागतं. २०२० पासून त्याऐवजी आयोग नेमण्याचा पर्याय आहे. मंडळ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. बहुतेक मंडळं मरतात ती उत्तराअभावी. ठराव होतो, पत्र जातं, पोच येते आणि पुढे काहीच घडत नाही. दोन-तीन वेळा असं झालं की कामाची माणसं येणं थांबवतात, गणपूर्ती होत नाही, आणि मग ‘यांनाच रस नाही’ म्हणायला सगळे मोकळे. म्हणून नियमावलीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: नगरपालिका सभेच्या विषयपत्रिकेवर विषय ठेवण्याचा हक्क, ठराविक दिवसांत कारणासह लेखी उत्तर, पगारी सचिव आणि स्वतंत्र निधी. यातली लेखी उत्तराची अट सर्वांत मोलाची आहे. बाकीच्या तिन्हींसाठी नंतरही भांडता येतं.

आता सीमेपलीकडच्या कामाकडे येऊ. नगरपालिकांच्या सीमापार सहकार्याचा मूळ करार माद्रिदचा, २१ मे १९८० चा. त्यात देशांनी ‘आम्ही सोय करू’ एवढंच मान्य केलं. थेट करार करण्याचा नगरपालिकांचा हक्क स्पष्ट झाला तो १९९५ च्या पुरवणी करारात. आज युरोपीय संघातली अनेक मोठी कामं संघाच्या २००६ च्या १०८२ क्रमांकाच्या नियमाखाली होतात. त्या नियमानं प्रादेशिक सहकार्य गट नावाची, स्वतःचं कायदेशीर अस्तित्व असलेली संस्था स्थापता येते. ती कर्मचारी नेमते, निविदा काढते, मालमत्ता घेते. पहिला गट २००८ मध्ये फ्रान्समधलं लील आणि बेल्जियममधली कोर्ट्राइक व टूर्ने या शहरांभोवती उभा राहिला.

असा गट स्थापायला आधी करारनामा आणि उपविधी तयार करायचे, मग प्रत्येक सदस्यानं आपापल्या देशाला कळवायचं. देशाला उत्तरासाठी सहा महिने असतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजुरी गृहीत धरतात, पण जिथे नोंदणीकृत कार्यालय असणार त्या देशाची औपचारिक मंजुरी लागतेच. कार्यालय कुठे ठेवायचं हा मानापमानाचा विषय करू नये. कुठला कायदा लागू होईल आणि हिशेबतपासणी कशी होईल, ते त्या पत्त्यावर अवलंबून असतं.

फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांतलं पुचसेर्दाचं रुग्णालय २०१४ मध्ये सुरू झालं. ते अशाच गटामार्फत चालतं, खर्चाचा साधारण ६० टक्के वाटा स्पेनमधल्या कातालोनियाचा, ४० टक्के फ्रान्सचा. इमारत उभी राहिली, अडचण आली कागदांची: फ्रेंच आईबापांचं बाळ स्पेनमध्ये जन्मलं म्हणून जन्मदाखला स्पॅनिश, आणि मृतदेह घरी न्यायचा तरी मधे आंतरराष्ट्रीय सीमा. पोलीस आणि नियम करण्याचे अधिकार अशा गटांना देताच येत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये सीमेवर तपासणी सुरू झाली आणि केलची ट्राम नदीअलीकडेच थांबली, तेव्हा दोन्ही महापौरांच्या हातात फार काही नव्हतं.

या गटांच्या सभेत सदस्य संस्थांचे प्रतिनिधी बसतात, आणि शहरांकडून ते सहसा निवडून आलेले नगरसेवक असतात. म्हणजे ज्याला नगरपालिकेत मत नाही, त्याला ट्रामच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या सीमापार निर्णयातही आवाज नाही, आणि रोज सीमा ओलांडणाऱ्यांत तोही असतो. हे मला सर्वांत जास्त खुपतं, आणि इथे दुरुस्तीला राज्यघटना बदलावी लागत नाही. दोन्ही काठांवरच्या सल्लागार मंडळांना बोलावून ऐकण्याची तरतूद गटाच्या उपविधीत घालावी. करारनाम्यात घातली तर पुढच्या प्रत्येक बदलाला पुन्हा देशांची मंजुरी लागेल. फक्त उपविधीतला बदल देशांना कळवला की पुरतं. त्या कलमात कागदपत्रं किती दिवस आधी मिळणार हा आकडा हवाच, तीन आठवडे तरी. मंडळाचे सदस्य नोकरी सांभाळून येतात, आणि दोन भाषांतले जाड अहवाल तिसऱ्या भाषेत एकमेकांना समजावून सांगायला वेळ लागतो.