बाहुलीघराच्या भिंती आपल्या कोकणातल्याच हव्यात

ऑनलाइन बाहुलीघराचं किट मागवलं की त्यात भिंतींसाठी छापील कागद येतो, गुलाबी फुलं, क्रीम रंगाचे पट्टे, खाली पांढरी लाकडी पट्टी. कागद छानच असतो पण तो तिकडच्या घरांचा. युरोपातली जुनी बाहुलीघरं बघितली तर कळतं की त्यांनी आपापल्याच घरांच्या भिंती लहान करून ठेवल्यात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या श्रीमंत बाईचं बाहुलीघर आहे, १६८६ ते १७१० च्या दरम्यान केलेलं, त्यातल्या एका खोलीच्या भिंती अख्ख्या निसर्गदेखाव्यांनी रंगवल्यात कारण त्या काळी तिथल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात तसंच असायचं. मग आपण वेंगुर्ल्यात बसून घर करतोय तर भिंतीवर चुना आणि गेरू का नको? मला हे फार मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहितेय.

माझं घर १:१२ मापाचं आहे, म्हणजे खऱ्यातला एक फूट तो इथे एक इंच. हे माप सोपं पडतं, डोक्यात हिशोब होतो. दहा फुटी भिंत दहा इंच, जांभ्याचा चिरा सव्वा फुटाच्या आसपास असतो तो सव्वा इंच. पण हे माप पोताला पण लागतं हे पहिल्यांदा लक्षात येत नाही कुणाच्या. भिंत खरखरीत दिसावी म्हणून रंगात वाळू मिसळायला बरेच जण सांगतात, आता एक मिलिमीटरचा वाळूचा कण खऱ्या घरात बारा मिलिमीटरचा होईल, म्हणजे भिंतीला खडीच फासली की! म्हणून आतली भिंत अगदी गुळगुळीतच ठेवायची, फक्त ब्रशचे फटकारे हलके दिसू द्यायचे.

प्लायवर चुना नीट धरत नाही. म्हणून आधी जुन्या मलमलीचा तुकडा मैद्याच्या खळीने चिकटवायचा, कडा मागे दुमडून घ्यायच्या, आणि मागच्या बाजूला पण खळ आणि साधा कागद लावायचा. हे टाळू नका, एकाच बाजूला ओल बसली की फळी वाकते, आणि आपल्याकडच्या हवेत तर वाकतेच वाकते. भिंती सुट्या असतानाच आडव्या ठेवून सगळं काम उरकायचं, घर जोडल्यावर कोपऱ्यात हात जात नाही. चुन्याचं म्हणाल तर पानवाल्याकडचा खायचा चुना घ्या, तो विरलेला असतो आणि बारीक असतो. पाण्यात ताकाएवढा पातळ करायचा, थोडं फेव्हिकॉल, फडक्यातून गाळून पातळ हात मारायचे, एक वाळला की दुसरा. ओला असताना काहीच लागलं नाही असं वाटतं, वाळल्यावर पांढरा उठतो, घाई करून जाड थापला तर पापुद्रे सुटतात. आणि चुन्यावर बुरशी सहज धरत नाही, पावसाळ्यात चार महिने बंद खोलीत ठेवायच्या वस्तूला याहून बरं काही नाही. हातमोजे मात्र घाला, हात खरबरीत होतात. खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे, पुस्तकं बांधणारे घालायचे, पण ते विष आहे, आणि बाहुलीघराला मुलांचे हात लागणारच, तेव्हा नको.

माजघराला मी चुन्यात चिमूटभर नीळ घातली. तो फिकट निळा रंग कुठल्याही डब्यात मिळत नाही. खाली दोन इंचांचा गेरूचा पट्टा. गेरू चुन्यावर टिकतो, उडत नाही, शिवाय खऱ्या घरात तो पट्टा असायचा तो पायांचे, केरसुणीचे डाग दिसू नयेत म्हणूनच.

आता खरी गंमत. भिंत रंगवून झाली, मी खूश, आतेने येऊन बघितलं आणि म्हणाली, "अगो, हंयसर आजो भिंतीक टेकून बसता, मगे तेलाचो डाग खंय?" आणि अगदी खरं होतं ते! भिंत सजवायची म्हणजे त्या घरातली माणसं कुठे बसतात, कुठे हात टेकतात ते आधी ठरवायचं. जमिनीवर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं साधारण अडीच फुटांवर टेकतं, म्हणजे गेरूच्या पट्ट्याच्या जरा वर, तिथे बोटाला खोबरेल लावून ते टिपून घेऊन नुसतं टेकवलं. दाराच्या कडेला साडेतीन इंचांवर हाताचा मळ, तो कॉफीच्या पाण्याने. देवघराच्या कोनाड्यात दिव्याची काजळी वर चढत गेलेली, ती मऊ गडद ६बी पेन्सिलीची पूड कोरड्या ब्रशने, खाली गडद आणि वर विरत जाणारी. एवढं केल्यावर ते घर राहतं झालं.

विजेचा बोर्ड हा माझा सगळ्यात आवडता भाग. जुना लाकडी बोर्ड, त्यावर काळी गोल बटणं, आणि छतापर्यंत गेलेली लाकडी पट्टीवरची वायर, तिला पत्र्याच्या चिमट्या. बटणांसाठी काळ्या टिकल्या, पाकिटातल्या सगळ्यात बारीक, चार मिलिमीटरच्या, १:१२ ला जवळपास दोन इंची बटण होतं. मधे पांढऱ्या रंगाचा ठिपका. वायर म्हणजे राखाडी रंगवलेला शिवणाचा दोरा, चिमट्या म्हणजे चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या पट्ट्या. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भातुकली इथे चालेल का असं बरेच जण विचारतात, ती फार सुंदर, पण मापात मोठी पडते, तिला वेगळं घर हवं.

देवादिकांच्या तसबिरी पण लावल्यात. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला आणि मग लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या, तेव्हा जुन्या घरात त्या हव्यातच. दीड इंच उंच प्रिंट, पारदर्शक ओएचपी शीटची काच, काडेपेटीच्या काड्यांची चौकट. आणि जुन्या घरात तसबीर भिंतीला सपाट नसते, वरच्या बाजूने पुढे झुकलेली असते, म्हणजे खाली बसणाऱ्याला नीट दिसते. त्यासाठी वरच्या कडेमागे काडीचा तुकडा चिकटवायचा.

कॅलेंडर लावाल तर जपून, कारण त्याने घराचा काळ ठरतो. कालनिर्णय १९७३ ला सुरू झालं, तेव्हा ते टांगलं की घर त्यानंतरचंच, मग ट्यूबलाइट चालेल, रेडिओ चालेल, फक्त त्याआधीचं घर म्हणून नाही चालणार. मी महिना मे घेतलाय. मे म्हणजे चाकरमानी आलेले, तेव्हा पडवीतल्या खुंट्या नुसत्या ठेवून भागणार नाही, दोन कापडी पिशव्या आणि एक टॉवेल लागेल, टॉवेलासाठी त्याच मलमलीचा तुकडा उरलाय.