डोळ्यातली कणी

दुपारी वारा सुटला म्हणून खिडकी लावायला उठलो आणि डोळ्यात काहीतरी गेलं. चोळू नये हे माहीत असूनही चोळला. आता डोळा लालभडक, आणि मी उरलेल्या एका डोळ्यानं हे लिहितोय.

लहानपणी कणी काढायचं खातं आजीचं. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून पंढरपूरच्या छोट्या गाडीत चढलो की माझी जागा ठरलेली: खिडकी, तीही इंजिनाकडे तोंड करून. "डोळ्यात कोळसा जाईल रे," हे आजीचं वाक्यही ठरलेलं. आणि तो जायचाच. मग ती पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि डोळ्यावर दाबून धरायची. मी दुसऱ्या डोळ्यानं बाहेरच बघत असायचो.

ही छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेची. बार्शी लाइट म्हटलं की लोकांना चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायचा तो एकच विनोद सुचतो. मला तो ऐकवू नये. हळू होती, कबूल. पण १८९७ साली ही लाइन सुरू झाली तेव्हाची इंजिनं फोटोत तरी बघावीत. ती आमच्या वेळी कुठली असायला! लीड्सच्या किटसन कारखान्यातली, अडीच फुटी रुळांवरची. ओढणारी चाकं आठ आणि मागे आणखी चार. एवढ्याशा जिवाला बारा चाकं कशाला? तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा हट्ट. रूळ हलके, एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे, म्हणून एका आसावर ५ टनांहून जास्त भार नको. इंजिन असो की मालडबा, नियम एकच. इंजिनाला पेलतील तेच रूळ भरलेल्या डब्यालाही पुरले पाहिजेत, आणि डबाही तेवढा भरता आला पाहिजे. पुढे लाइन पंढरपूरला गेल्यावर आषाढीला याच मालडब्यांतून वारकरीही जायचे.

पुढे असणाऱ्यानं मागच्यांपेक्षा जड व्हायचं नाही, हा नियम आमच्या आजोबांना कुणी सांगितला नव्हता. असो.

याच कॅलथ्रॉपनं नंतर पॅराशूट केलं. रोल्स-रॉइसमधले रोल्स त्याचे मित्र. १९१० साली ते विमान कोसळून गेले, आणि याच्या डोक्यानं विमानातल्या माणसाला सुखरूप खाली कसं आणायचं हेच घेतलं. पॅराशूटला नाव दिलं 'गार्डियन एंजल'. रुळांवर हलकेच चालणं आणि आभाळातून हलकेच उतरणं, या दोन्हींना जोडून मला काहीतरी छान म्हणायचं होतं. डोळा चुरचुरला आणि ते निसटलं.

लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे. पंढरपूरला जाताना डोळ्यात काही जात नाही.

मघाशी रुमालाचा बोळा करून वाफ देऊन बघितली. डोळ्यापर्यंत नेईतो गार होते. आजीचं लुगडं नऊवारी होतं, तिच्या बोळ्याला घड्या जास्त पडायच्या.