पाणी किती, क्षार किती

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धवट आहे. शरीरात पाणी टिकतं ते क्षारांच्या जोरावर, आणि त्यातही मुख्यतः सोडियमच्या. रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. ते झपाट्याने खाली आलं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. इतर अवयवांना फुगायला थोडीफार जागा मिळते, कवटीतल्या मेंदूला ती मिळत नाही. म्हणून आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि पातळी फारच घसरली तर झटके येतात. हे सगळं केवळ जास्त पाणी प्यायल्यानेही होऊ शकतं. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिलात की जादा पाणी आतच साठत जातं.

रोजच्या साध्या दिवसाचा हिशोब मात्र सोपा आहे. युरोपीय मानकांनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे २ लिटर आणि पुरुषाला २.५ लिटर पाणी लागतं, आणि त्यात जेवणातलं पाणी धरलेलं आहे. ते साधारण पाचवा हिस्सा असतं. चहा-कॉफीही त्यातच मोजायची. रक्त एखाद-दुसऱ्या टक्क्याने दाट झालं की तहान लागते, त्यामुळे निरोगी माणसाने बसल्या कामाच्या दिवशी ग्लास मोजत बसायची गरज नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललं आहे. सकाळची पहिली लघवी गडद असतेच, आणि ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ती भडक पिवळी होते, म्हणून या दोन्हींवरून काही ठरवू नये. उलट दिवसभर पाण्यासारखी पांढरी लघवी होत असेल तर बहुधा गरजेपेक्षा जास्त पिणं चाललं आहे.

अशा दिवशी इलेक्ट्रोलाइट पावडर, म्हणजे पाण्यात घालायची क्षारांची पूड, कशाला हवी? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि बहुतेकांच्या पोटात त्याहून जास्तच जातं. रक्तदाब असलेल्याने तर ही पावडर सवयीची करूच नये. वयस्कर माणसांची गोष्ट वेगळी. त्यांची तहानेची जाणीव मंदावलेली असते, म्हणून त्यांनी तहानेची वाट न पाहता जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळेला पाणी बांधून घ्यावं.

घाम गाळणाऱ्यांनी वजनकाटा वापरावा, याच्याइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही. तासभराच्या कष्टाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा आधी ७० किलो होतं, नंतर ६९.२ भरलं, आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायलात. ०.८ आणि ०.५ मिळून १.३ लिटर घाम गेला (मधे लघवी झाली असेल तर ती यातून वजा करायची). वजनात दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ देऊ नये, त्यापुढे दम आणि लक्ष दोन्ही उणावतात. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, पुढच्या वेळी कमी प्या. लिटरभर घामात साधारण १ ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. माणसामाणसांत यात मोठा फरक असतो. कपड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे असं समजा. तासाभराच्या घामानंतर पाणी आणि नेहमीचं मीठ घातलेलं जेवण पुरतं. सलग दोन-तीन तास उन्हात काम किंवा धावणं असेल तर मात्र पाण्याबरोबर मीठही आत जायला हवं.

जुलाबाचं गणित याहून निराळं, आणि तिथे मोजमापातली चूक जिवावर बेतू शकते. आतड्याच्या पेशींवर असं एक वाहक प्रथिन आहे, जे ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत घेतं आणि पाणी त्यांच्या मागोमाग येतं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. बहुतेक जुलाबांत हा रस्ता शाबूत राहतो, आणि ओआरएस (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, जलसंजीवनी) चालतं ते त्याच्याच बळावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात १ लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल, अगदी बरोबरीने.

पाकीट घेतलं की आधी ते किती पाण्याचं आहे ते वाचा. १ लिटरची असतात तशी २०० मिलीचीही असतात. लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं तर सोडियम पाचपट होतं, जुलाब वाढतात आणि लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक चढू शकतं. म्हणून अख्खं पाकीट मोजलेल्या पूर्ण पाण्यात घाला. पाणी आधी उकळून गार करायचं, पावडर घातल्यावर उकळायचं नाही. वरून साखर नको, दूध नको, फळांचा रस नको. २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्या.

पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. चमचा ५ मिलीचा, आणि वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट करून. मुलाला देण्याआधी चव घ्या, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून नव्याने करा. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, त्यामुळे हे पाकीट मिळेपर्यंतच. गोड शीतपेयं इथे चालत नाहीत, कारण सोडियम जवळपास नाही आणि साखर इतकी, की ती उलट पाणी आतड्यात ओढते. पेयाच्या नावात ‘ओआरएस’ असलं म्हणजे आत ते सूत्र असेलच असं नाही, मागचे आकडे ताडून पाहा.

प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिली, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तितकं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्याने द्या. घटाघटा पाजलेलं बहुधा परत येतं. आईचं दूध आणि जेवण बंद करू नका.

पोटॅशियमच्या बाबतीत हात आखडता ठेवा. जुलाबात ते जातं आणि अशक्तपणा येतो, हे खरं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं चालू असतील, तर ते शरीरात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. अशांनी पोटॅशियम असलेलं ‘कमी सोडियमचं मीठ’ किंवा इलेक्ट्रोलाइट पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हृदय कमकुवत असलेल्यांचं तर पाणीही डॉक्टर ठरवून देतात. आणि पोटॅशियम देऊनही रक्तात वाढत नसेल तर मॅग्नेशियम तपासावं, ते कमी असलं की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही.

ओआरएस पाजत घरी थांबण्यालाही मर्यादा आहे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त लागली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पाणी पिईना किंवा पोटात ठरेना, शौचातून रक्त आलं, सहा-आठ तास लघवीच झाली नाही, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. जाताना वाटेतही, मूल शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर, घोटघोट ओआरएस देत राहा.